पारंपरिक धनुष्य बनवून घेताना: आधी खेच मोजा, लाकूड नंतर निवडा

धनुष्य बनवून घ्यायचे ठरले की बहुतेकांचे पहिले लक्ष लाकडाच्या रंगाकडे जाते. कारागिराला मात्र आधी तुमची ड्रॉ लेंथ, म्हणजे तुम्ही दोरी किती लांब खेचता ते माप (खेच), हवी असते. पसरलेल्या हातांच्या लांबीला अडीचने भागायची रीत ढोबळ अंदाजापुरती ठीक आहे. खरे माप घ्यायला २०-२५ पाउंडांच्या (म्हणजे खेचायला तेवढा जोर लागणाऱ्या) हलक्या धनुष्याला लांब बाण लावा, नेहमीच्या जागेपर्यंत खेचा आणि मुठीच्या सर्वांत खोल भागासमोर बाणावर दुसऱ्याकडून खूण करून घ्या. दोरी हळूच परत आणा, सोडू नका. नॉकच्या (बाणाच्या मागच्या टोकाच्या, दोरी बसते त्या) खाचेपासून खुणेपर्यंतच्या लांबीत पावणेदोन इंच मिळवा. पाच-सहा वेळा मोजा, कारण ताठरून खेचले की इंचभर फरक सहज पडतो.

धनुष्यावर लिहिलेले वजन, म्हणजे हा जोर, बहुधा २८ इंचांवरचे असते. इंचामागे साधारण २ ते ३ पाउंड बदलतात, म्हणजे २८ इंचांवर ४५ पाउंडांचे धनुष्य २६ इंच खेचणाऱ्याच्या हातात जेमतेम ४० भरते. म्हणून ऑर्डर देताना 'माझ्या २६ इंचांवर इतके' असेच सांगा.

सर्वांत जास्त चुका वजनातच होतात. जड धनुष्य पूर्ण खेचायच्या आत बोटे सुटतात, खांदा वर चढतो, आणि ही सवय मोडायला महिने जातात. पूर्ण खेचून ८-१० सेकंद न थरथरता धरता आले पाहिजे, आणि तिसावा बाणही पहिल्यासारखाच सुटला पाहिजे. नवख्याने ३० ते ३५ पाउंडांच्या वर जाऊ नये. जिथे शिकार कायदेशीर आहे, तिथे अनेक ठिकाणी मोठ्या प्राण्यासाठी किमान वजन ठरलेले असते, ते आधी पाहा. सराव आणि शिकार दोन्ही करायचे असेल तर सुटे होणारे टेकडाउन घ्या: मूठ एकच, सरावाला ३५ ची पाती (मुठीच्या वरखालचे वाकणारे भाग), शिकारीला ४५ ची. हात मुठीला सरावतो, हा त्याचा मोठा फायदा.

झुडपांतून फिरायला आखूड धनुष्य सोयीचे, पण फार आखूड असेल तर दोरीचा कोन टोकदार होऊन बोटे चिमटतात आणि शेवटच्या इंचांत वजन एकदम चढते. २८ इंच खेच असेल तर रिकर्व्ह (टोके पुढे वळलेले धनुष्य) ६० ते ६२ इंचांचा, लाँगबो (लांब, जवळपास सरळ पात्यांचे धनुष्य) ६६ च्या आसपास ठेवा. संपूर्ण लाकडी धनुष्य ठरलेल्या खेचीपलीकडे कधीही ओढू नका, ते मोडते. फायबरग्लास लावलेले दमटपणा बरा सोसते, पण उन्हात बंद गाडीत ठेवले तर त्याचे थर सुटू शकतात.

उजव्या हाताचे धनुष्य म्हणजे दोरी उजव्या हाताने खेचायची. डावा डोळा प्रबळ असेल तर त्याचा विचार आधीच करा. न ताणणारी आधुनिक दोरी वापरायची असल्यास धनुष्याची टोके मजबूत केलेली आहेत का, ते विचारा.

बाण वजनदार घ्या: धनुष्याच्या प्रत्येक पाउंडामागे निदान ८ ग्रेन (बाणाच्या वजनाचे छोटे एकक), शिकारीला १० च्या आसपास. फार हलका बाण धनुष्याला हिसका देतो, आणि बाणाशिवाय दोरी सोडली तर पाती तडकू शकतात.

धनुष्य हातात आले की दोरी चढवण्यासाठी स्ट्रिंगरच वापरा, पायात अडकवून वाकवल्यास पाते पिळते. मग मागून नजर लावून पाहा: दोरी दोन्ही पात्यांच्या मधोमध दिसली पाहिजे. ब्रेस हाइट (मूठ आणि चढवलेली दोरी यांतले अंतर) कारागिराने सांगितलेल्या मर्यादेत आणा; दोरीला पीळ दिला की ब्रेस हाइट वाढते, सैल केला की कमी होते.