लातूरचा पिनकोड ४१३५१२: मूळ अवयव झटपट कसे पाडायचे

शिष्यवृत्तीची तयारी करणाऱ्या पोरांना मोठी संख्या दिली की ती लगेच २, ३, ५ असे भाग लावत सुटतात. लातूरचा पिनकोड घ्या, ४१३५१२. वर्गमूळ ६४३ च्या जरासं पुढे. तिथपर्यंतच्या मूळ संख्याच शंभरावर भरतात. त्यापेक्षा आधी संख्या मधोमध तोडा: ४१३ आणि ५१२.

दोघांची वजाबाकी ९९. ७, ११ आणि १३ यांचा गुणाकार १००१, म्हणून तिघांचाही निकाल या ९९ वरच लागतो: ११ चा भाग जातो, ७ आणि १३ चा नाही. आता बेरीज करा, ९२५. इथे ९९९ = २७ × ३७ कामाला येतं. ९२५ = ३७ × २५, म्हणजे ४१३५१२ लाही ३७ चा भाग जाणार. ९२५ च्या अंकांची बेरीज १६, त्यामुळे ३ बाद.

गट उजवीकडून तीन-तीन अंकांचेच हवेत. आपण स्वल्पविराम लाखाच्या हिशेबाने ४,१३,५१२ असा देतो आणि घोळ तिथेच होतो. ४ + १३ + ५१२ = ५२९, त्याला ३७ चा भाग जात नाही; हातातला अवयव निसटतो.

दुसरा चकवा ५१२ चा. हे तर दोनचे नऊ वेळा गुणाकार, म्हणून पुष्कळ जण ५१२ नेच भागायला जातात. शेवटचे तीन अंक फक्त ८ पर्यंतची हमी देतात. १६ साठी चार अंक लागतात, आणि ३५१२ ला १६ ने भागलं तर बाकी ८ उरते. म्हणून ८ वर थांबा.

४१३५१२ ÷ ८ = ५१६८९
५१६८९ ÷ ११ = ४६९९
४६९९ ÷ ३७ = १२७

१३ चा वर्ग १६९, म्हणून १२७ साठी ११ पर्यंत पाहिलं की पुरे. भाग कुणाचाच जात नाही, ती मूळच. उत्तर: २×२×२×११×३७×१२७.

विभाजक किती? २ हा शून्य ते तीन वेळा घेता येतो, म्हणजे चार पर्याय. बाकी प्रत्येकाचे दोन. ४×२×२×२ = ३२. घातांकात १ मिळवायचा राहिला की उत्तर ३ येतं, ही नेहमीची चूक. सगळ्या विभाजकांची बेरीज १५×१२×३८×१२८ = ८७५५२०. त्यातून खुद्द संख्या वजा केली तरी ४६२००८ उरतात, म्हणजे संख्येहून जास्तच.

सगळीकडे मात्र इतकं सोपं जात नाही. नांदेडचा ४३१६०१ घ्या: वजाबाकी १७०, बेरीज १०३२. फक्त ३ सापडतो. पुढे ४७ पर्यंत साधा भागाकारच करावा लागतो, तेव्हा कुठे ३×४७×३०६१ निघतं. छत्रपती संभाजीनगरच्या ४३१००१ मध्ये बेरीज ४३२ येते, २७ चा भाग जातो. पण तिथेच थांबू नका, ३ अजून एकदा निघतो: ३×३×३×३×१७×३१३.