486 च्या खोक्यात हात घालण्याआधी

बेळगावात हार्डवेअर शिकून उद्यमबागेतल्या कारखान्यांत कामं धरणाऱ्यांना कुठल्यातरी शेडमध्ये धूळ खात चालणारा 486, म्हणजे 486 चिपवरचा जुना पीसी, भेटतोच. मशीनचं कंट्रोल कार्ड आयएसए या जुन्या पद्धतीच्या स्लॉटचं, नव्या बोर्डात त्याला जागाच नाही, म्हणून मालक ते खोकं जिवापाड जपतो.

या स्लॉटचा वेग जुळवायची डोकेदुखी 1981 च्या आयबीएम पीसीत नव्हती. प्रोसेसर 4.77 मेगाहर्ट्झ, स्लॉटही 4.77. 1984 च्या आयबीएम एटीत दोन्ही 6, मग 8. पुढं प्रोसेसर सुसाट सुटले, कार्डं मात्र 8 च्या आसपासचीच राहिली. म्हणून बोर्ड आपल्या क्लॉकला, म्हणजे ठोक्याच्या वेगाला, भागून स्लॉटला देतं. कितीनं भागायचं, म्हणजे भाजक, ते बायोसमध्ये (पीसी सुरू होताना उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये) ठरतं, आणि मेख तिथंच आहे.

भागायचं ते बोर्डाच्या क्लॉकला, चिपवर छापलेल्या आकड्याला नव्हे. डीएक्स2-66 या 486 चिपवर 66 लिहिलंय, पण ती दुप्पट चिप आत करते; बोर्ड 33 वरच. 33 भागिले 4, म्हणजे 8.33. चिपवरचा 66 धरून 8 नं भागलात तर स्लॉटला जेमतेम 4 मिळतात. उलटी गत जास्त छळते. आधी एसएक्स-25 ही चिप होती, बोर्ड 25 वर, भाजक 3, स्लॉट 8.33 वर. तिथं डीएक्स2-66 बसवला, जंपर (बोर्डाचा वेग ठरवणारी बोर्डावरची छोटी टोपी) 33 वर नेला आणि भाजक तसाच ठेवला, की स्लॉट 11 वर जातो. डॉस उठतं, स्क्रीन येते, सगळं झकास दिसतं. तासाभरानं कार्ड तापलं की मशीन मध्येच अडकते. मालक म्हणणार, "कार्ड गेलं बघा की हो." कार्ड काढून ठेवायच्या आधी भाजक बघा. मी या एकाच गोष्टीपायी उपाशीपोटी शेडमध्ये बसलोय.

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे बायोसचे फोटो बघून आकडे भरू नका. बोर्ड वेगळं तर हिशेब वेगळा. "एवढं लाव, चालतंय" म्हणणाऱ्या उस्तादाला "का?" विचारा. चिडला तर दुसरा उस्ताद धरा.

घाबरण्यासारखं मात्र काही नाही. स्लॉट थोडा हळू चालला म्हणून कार्ड सहसा रुसत नाही, तेव्हा शंका आली की मोठा भाजक लावून बघायचं. व्हीएलबी या 486 बोर्डावरच्या वेगवान स्लॉटच्या कार्डाला हा भाजक लागू नाही, ते थेट बोर्डाच्या क्लॉकवर पळतं. डीएक्स-50 चिपला बोर्डच 50 वर चालतं; तिच्यासोबत ते आलं तर नवख्यानं एकट्यानं हात घालू नये.

आणि बोर्डावरचा सेल उतरला की बायोस सगळं विसरतं. भाजक कागदावर लिहून कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवा.