पॉवर बँक घ्यायला नागपूरच्या बर्डीवर (सीताबर्डी बाजारात) जायच्या आधी एवढी तयारी करा

दुकानात जायच्या आधी घरातले सगळे फोन समोर घ्या आणि कोणाची बॅटरी किती एमएएचची (मिलीअँपिअर-तास, म्हणजे तिच्यात किती चार्ज मावतो ते), चार्जर किती वॉटचा ते एका कागदावर लिहून काढा. पंधरा मिनिटांचं काम आहे पण बहुतेक लोक इथंच कंटाळा करतात अन् मग दुकानदार जे दाखवेल ते उचलून आणतात.

मग हिशोब. १०००० एमएएचच्या बँकेतून ५००० चा फोन दोनदा फुल होईल असं सगळ्यांना वाटते, तसं होत नाही राजेहो. तो १०००० चा आकडा आतल्या सेलचा, ३.७ व्होल्टवरचा, म्हणजे ३७ वॉट अवर (साठवलेल्या ऊर्जेचं माप), अन् यूएसबीतून निघते ५ व्होल्ट, म्हणजे झाले ७४००, त्यातही व्होल्टेज वर चढवताना काही ऊर्जा उष्णतेत जाते, म्हणून मागच्या बाजूला बारीक अक्षरात रेटेड कपॅसिटी ६००० च्या आसपास लिहिलेली असते. खरा आकडा तोच, पण तो ५ व्होल्टवरचा अन् फोनची बॅटरी त्याहून कमी व्होल्टची, म्हणून फोन साधारण सव्वा ते दीड वेळा भरतो असं धरून चाला. आणि ज्या बँकेवर हे रेटेड लिहिलेलंच नाही ती सरळ खाली ठेवा.

एकटा माणूस विदर्भ एक्सप्रेसनं संध्याकाळी मुंबईला निघाला तर १०००० भरपूर झालं, रात्री डब्यातले चार्जिंग पॉइंट बऱ्याचदा बंद असतात तेव्हा तेवढंच कामी येते. अख्खं घर सोबत असेल तरच २०००० घ्या, कारण ती चारशे ग्रॅमच्या आसपास जाते आणि खिशात मावत नाही. विमानानं जाणार असाल तर १०० वॉट अवरपर्यंत परवानगी लागत नाही, २०००० म्हणजे ७४, त्यामुळे चिंता नाही, पण ती हातातल्या बॅगेतच ठेवायची, चेक-इनच्या बॅगेत बिलकुल नाही.

फुटपाथवर पाचशे रुपयात ५०००० एमएएच सांगून राहिले असतील तर हातात घेऊन वजन पाहा. अडीच-तीन हजार एमएएचचा एक गोल सेलच ४५ ग्रॅमच्या आसपास असतो, ५०००० साठी असे सतरा-वीस सेल लागतात, म्हणजे पाऊण किलोच्या वर वजन, अन् हातातली वस्तू हलकी लागली तर लिहिलेलं खोटं आहे, यात वाद घालायची गरजच नाही. अशा स्वस्त मालाचा धोका पैशापुरता नसतो, लिथियमचा खराब सेल पेट घेतो, आणि अशी बँक आपण लेकराच्या उशाजवळ ठेवतो. म्हणून बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) मार्क आणि त्याखालचा आर पासून सुरू होणारा नंबर शोधा, दुकानात उभ्या उभ्याच बीआयएस केअर अॅपमध्ये टाका, बनवणाऱ्याचं नाव जुळते का पाहा.

स्पीडचं थोडक्यात, आयफोन अन् बहुतेक अँड्रॉइडला पीडी (पॉवर डिलिव्हरी, यूएसबीची सगळ्या कंपन्यांसाठीची फास्ट चार्जिंगची पद्धत) असलेली २० वॉटची टाइप-सी बँक चालते, सॅमसंगच्या २५ वॉटला पीपीएस (पीडीचाच प्रकार, ज्यात व्होल्टेज फोनच्या गरजेप्रमाणे बदलते) लागते, आणि ज्या कंपन्यांचं फास्ट चार्जिंग त्यांचं स्वतःचं असते ते फोन साध्या बँकेवर हळूच भरतील. बँक स्वतः किती वॉटवर भरते हे मात्र आवर्जून विचारा, कोणी विचारत नाही. इनपुट १० वॉटचं असेल तर २०००० ची भरायला अख्खी रात्र जाते. इअरबड किंवा घड्याळ लावायचं असेल तर लो करंट मोड आहे का तेही पाहा, नाहीतर बँक थोड्या वेळात आपोआप बंद होते.

आता आपल्या नागपूरची गोष्ट. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जाते, आणि लिथियमचे सेल चार्ज करायची वरची मर्यादाच साधारण तेवढी असते. उन्हात उभ्या स्कुटीच्या डिक्कीत किंवा कारच्या डॅशबोर्डवर बँक ठेवू नका, दहा मिनिटांसाठीही नाही, सोबत उचलून न्या. उशीखाली, पांघरुणात लावून झोपू नका. फुगलेली दिसली तर वापरणं त्याच क्षणी बंद, आणि घंटागाडीत टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. बरेच दिवस वापरायची नसेल तर अर्धी भरून ठेवा.

जाताना स्वतःचा फोन आणि स्वतःची केबल सोबत न्या, तिथंच लावून फास्ट चार्जिंग दिसते का पाहा, मॉडेल नंबर टाकलेलं जीएसटी बिल मागा. आणि खरेदी प्रवासाच्या आठवडाभर आधी करा, म्हणजे एकदा पूर्ण भरून, पूर्ण रिकामी करून पाहता येते आणि काही निघालंच तर बदलून घ्यायला वेळ राहते.