पळस लावताय? या चुका टाळा

फाल्गुनात बांधावरचा पळस पेटला की सोलापुरात रोपांची विचारपूस सुरू होते. ती वेळच चुकीची. शेंगा पिकतात मे-जूनमध्ये, बी तेव्हाच गोळा करा. चपट्या शेंगेच्या टोकाला एकच बी असतं. ते सोलत बसू नका, शेंग तशीच पेरली तरी उगवते. पुढच्या वर्षासाठी मात्र डब्यात भरून ठेवू नका, पळसाच्या बियांची उगवणशक्ती लवकर जाते.

खरी नासाडी होते ती पिशवीत. पळसाचं सोटमूळ झपाट्यानं खोल जातं. आखूड पिशवीत ते तळाशी गुंडाळलं जातं आणि जमिनीत लावल्यावरही झाड खुरटंच राहतं. त्यापेक्षा कायमच्या जागीच दोन-तीन बिया टोचा. पिशवीच हवी असेल तर लांबट घ्या आणि रोप त्याच पावसाळ्यात लावून मोकळे व्हा. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे पावसानं ओढ दिली तर अधूनमधून पाणी घाला. सप्टेंबरचा पाऊस पुढचं बघून घेतो.

पानं गळाली म्हणून रोप उपटू नका. खोडावर नखानं ओरखडा काढा, आतून हिरवं दिसलं तर ते जिवंत आहे. वाढ मुळातच संथ, युरिया ओतून घाई होत नाही. काळ्या, पाणी धरणाऱ्या जमिनीतही पळस तग धरतो, तेव्हा माती बदलण्याचा खटाटोप कशाला?

पळसाला पानं तीनच, पण पांगाऱ्यालाही तीनच! फांदीवर काटे दिसले की तो पांगारा.

पळसाची ब्युटिया ही प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट, छोटीशी. तिच्यातली पळसवेल हौसेनं मागवू नका. ती जंगलातली दांडगी वेल, तिला चढायला मोठी झाडं लागतात. साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पावसाच्या आपल्या जिल्ह्यात तिचे हालच होतील. पांढऱ्या पळसाचं रोप म्हणून कुणी जास्त पैसे मागत असेल तर सरळ नाही म्हणा. फुलल्याशिवाय रंग कळत नाही, आणि फुलायला कित्येक वर्षं लागतात.

रोपं उरली म्हणून नान्नजकडच्या माळरानावर लावायला जाऊ नका. तिथलं माळढोक अभयारण्य १९७९ सालचं. त्या पक्ष्याला झाडी नको, मोकळं गवत हवं. उरलेली रोपं बांधावर, ओढ्याकाठी किंवा शाळेच्या कुंपणाला लावा.