गोल्फ कोर्स बंद असलेला आठवडा कसा सत्कारणी लावावा

पुण्यात जुलैत असा एक आठवडा येतोच. खडकवासल्यातून विसर्ग वाढतो, भिडे पूल पाण्याखाली जातो आणि पहाटे आमच्या चौघांच्या ग्रुपवर निरोप येतो: आज कोर्स बंद. नवरा कूस बदलत म्हणतो, "झोप आता." झोपू नका, कामं आहेत.

आधी बॅग. ओली बॅग गाडीच्या डिकीत राहिली तर दोन-तीन दिवसांत बुरशीचा वास धरते आणि मग जाता जात नाही. घरात आणा, सगळे कप्पे उघडा, क्लब (गोल्फच्या काठ्या) काढून बॅग उलटी टेकवा. पाणी तळाशी साठतं, ते वरून दिसत नाही. क्लबच्या डोक्यावरची हेडकव्हर वेगळी वाळत घाला. क्लबच्या मुठींना, म्हणजे ग्रिपना, कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचा थेंब आणि जुना टूथब्रश पुरतो. नंतर पुसून पंख्याखाली ठेवा. बुटांचे इनसोल काढून आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि ओले झाले की बदला. हीटरसमोर बूट ठेवणाऱ्यांचं चामडं कडक होतं, सोलही सुटतो.

पटिंगच्या, म्हणजे बॉल हलकेच होलमध्ये ढकलण्याच्या, सरावासाठी हॉलमधली सतरंजी उत्तम. समोर फुलपात्र आडवं ठेवायचं आणि फूटभर अलीकडे दोन पेल्यांमधून बॉल काढायचा. पेल्यांमध्ये बॉलपेक्षा जेमतेम बोटभर जास्त जागा ठेवा. पेला वाजला की चूक कळते, कोच लागत नाही.

आता सोसायटी. पार्किंगमध्ये तळं साचलं की कमिटी दरवर्षी ‘ड्रेनेज चोक आहे’ म्हणते आणि माणूस बोलावते. तुम्ही ग्रीनचा, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीचा, उतार वाचता ना? मग पाऊस उघडल्यावर फरशी कोरडी करा, एक जुना बॉल ठेवा आणि हलकेच सोडा. आमच्याकडे बॉल ड्रेनेजच्या जाळीकडे न जाता लिफ्टच्या दिशेने गेला. चार जागांवरून सोडला, चारही वेळा लिफ्टकडेच. जाळी साफ होती, उतारच उलटा होता. मोबाइलवर व्हिडिओ घेऊन सेक्रेटरी काकांना दाखवला. ते बराच वेळ बॉलकडेच बघत होते.

व्हिडिओवर थांबू नका. वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते आणि तिची नोटीस पूर्ण 14 दिवस आधी निघते. म्हणजे विषय लेखी देण्याची वेळ हीच. नाहीतर तो ‘आयत्या वेळच्या विषयां’त जातो, आणि तोवर निम्मे सभासद वेफर्सच्या बशीपाशी पोचलेले असतात. अर्जासोबत दोन कंत्राटदारांचे दर जोडा. पाणी रस्त्यावरच्या गटारातून आत येत असेल तर महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात तक्रार करा आणि तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय हलू नका.

कोर्सवर तुमची बॅग सांभाळणाऱ्या कॅडीला फोन करा. त्याची कमाई राउंडवर असते. कोर्स बंद म्हणजे हात रिकामे. आम्ही चौघं बंद दिवसांची निम्मी फी देतो. उचल म्हणून देऊ नका, पुढच्या महिन्यात कापून घ्यायची वेळ येते आणि दोघांनाही अवघड वाटतं.

कोर्स उघडला की पहिल्या राउंडला एवढं लक्षात ठेवा. ओल्या गवतावर बॉल घरंगळत नाही, म्हणून एक क्लब मोठा घ्या आणि ग्रिप थोडी खाली धरा. पटला जोर द्या. उभं राहिल्यावर बुटाभोवती पाणी दिसलं तर ते नियमातलं ‘तात्पुरतं पाणी’, आणि त्यातून सुटका मिळते. नुसता चिखल किंवा दव चालत नाही, आणि पाय दाबून पाणी काढणंही नाही. पाणी पूर्ण टळेल असा सर्वांत जवळचा बिंदू शोधा, तिथून एक क्लबची लांबी, होलच्या जवळ न जाता, आणि गुडघ्याच्या उंचीवरून बॉल खाली सोडा, म्हणजे ड्रॉप. दंड नाही. ग्रीनवर मात्र ड्रॉप नसतो, बॉल ठेवायचा. बंकर, म्हणजे वाळूचा खड्डा, पाण्याने भरला असेल तर फुकट सुटका बंकरच्या आतच मिळते. बाहेर यायचं तर एक स्ट्रोक. फेअरवेच्या कापलेल्या गवतावर बॉल स्वतःच्याच खड्ड्यात रुतला तरी सुटका फुकट आहे. पण नुसता चिखल लागलेला बॉल उचलून पुसायचा नाही, त्या दिवशी ‘प्रिफर्ड लाय’, म्हणजे बॉल उचलून पुसून जवळच ठेवायची मुभा, लागू आहे का ते राउंड सुरू करून देणाऱ्या स्टार्टरला आधीच विचारा.

वीज चमकली तर खेळ थांबवण्याच्या भोंग्याची वाट बघायची गरज नाही. विजेचा धोका वाटला तर खेळाडू स्वतःहून थांबू शकतो, दंड नसतो. फक्त लवकरात लवकर गोल्फच्या कमिटीला कळवायचं. छत्री मिटा, झाडाखाली जाऊ नका. चौथा भिडू "एवढं होल संपवू" म्हणणारच. त्याला म्हणू दे, तुम्ही कॅडीला घेऊन क्लबहाउस गाठा.