बोटीचे दोर आणि वायरी साफ करताना या चुका टाळा

१ जूनला मासेमारी बंद झाली की ३१ जुलैपर्यंत बोटी वर ओढलेल्या असतात नाहीतर खाडीत आत नेऊन बांधलेल्या, आणि मग सगळ्यांना एकदम आठवतं की अरे, दोर धुवायचे राहिले, वायरी तशाच पडल्यात. मग घाई. आणि दरवर्षी त्याच त्याच चुका. बघून बघून वैताग आलाय म्हणून लिहितोय.

सगळ्यात वाईट म्हणजे नायलॉनच्या दोराला ॲसिड. तेच, संडास-लाद्या धुवायचं. खुंट्याच्या गंजाने दोरावर तांबूस डाग पडतात आणि नव्या मालकांना ते बघवत नाहीत. जयगड खाडीत एका पोराने नवीन बोट घेतलेली, मोबाईलवर कुठलातरी व्हिडिओ बघून त्याने सगळे दोर ॲसिडच्या पाण्यात बुडवले आणि मला दाखवायला आला, "काका, बघा, नव्यासारखा झाला." पांढराशुभ्र होता खरा. मी पेड उलगडून बघितले तर आतले तंतू कडक झालेले, नखाने ओढले की कटाकट तुटत होते. म्हटलं बाबा हा दोर टाकून दे, याने बोट बांधू नको. त्याला वाटलं काका उगाच घाबरवतायत. पुढच्या अमावास्येला उधाण आलं, वारा सुटलेला, मागचा दोर तुटला, बोट फिरली आणि शेजारच्या बोटीवर जाऊन आदळली, तिची फळीच फुटली. भरपाईच्या पैशात चांगले नवीन दोर कितीतरी आले असते.

ॲसिड नायलॉनला आतून खातं, वरून पत्ता लागत नाही. त्यात नायलॉन ओला झाला की ताकद तशीही १०-१५ टक्के कमी होते, म्हणजे जोर यायच्या वेळीच दोर कमजोर. ब्लीचपण नकोच. डाग राहू देत, डागाने बोट सुटत नाही.

मी गोड्या पाण्याच्या पिंपात दोर रात्रभर बुडवून ठेवतो, सकाळी पाणी बदलतो, कपडे धुवायची पावडर अगदी थोडी, हाताने चोळायचं आणि परत साधं पाणी. शेवटच्या पाण्यात बोट बुडवून जिभेला लावतो, खारट लागलं तर अजून एकदा. मीठ पेडात राहिलं की सुकल्यावर त्याचे खडे होतात आणि बारीक रेतीसारखे आतून घासतात. मग सावलीत, दांडीवर सैल टांगून पूर्ण सुकेपर्यंत. पूर्ण म्हणजे पूर्ण, वरून कोरडा लागला म्हणून गुंडाळून माळ्यावर टाकला की बुरशी आणि वास.

प्रेशर पंप जवळून मारू नका, रेती आत घुसते आणि तंतू फाटतात. आणि तो निळा-हिरवा प्लास्टिकचा दोर उन्हाने पांढरट पडून हाताला भुसा लागत असेल तर धुवायचे कष्ट घेऊ नका, तो गेला.

आता वायरी. धक्क्यावरून चार्जर-ग्राइंडरसाठी ओढलेली वायर लोक लांबच्या लांब पुसतात आणि प्लग तसाच सोडतात, खरं दुखणं तिथेच असतं. खारी हवा लागून पिनांवर हिरवट काट चढतो, जोड सैल होतो, तिथे गरम होतं आणि लोड चालू असताना १६ ॲम्पियरचा प्लग कडेने वितळायला लागतो. वायर साफ करायची तर आधी स्विच बंद, मग धक्क्याकडचा प्लग काढायचा, मगच बोटीकडचा. प्लग उघडा, आतलं तांबं काळं असेल तर चकचकीत तांबं दिसेपर्यंत वायर कापत जा. हातभर कापूनही काळंच निघालं तर वायर भंगारात. मधल्या जोडावर नुसती काळी टेप गुंडाळून भागवणाऱ्यांचा मला फार राग येतो, टेपमधून पाणी आत जातं, बाहेर मात्र येत नाही.

वायर पुसायला थिनर, पेट्रोल, डिझेल काही नको, वरचं कव्हर खराब होतं. साबणाचा ओला फडका बास.

गुंडाळी पूर्ण सोडल्याशिवाय ग्राइंडर लावू नका, आतली वायर तापते.

आणि धक्क्यावरच्या बोर्डाला ३० मिलीॲम्पियरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की लगेच लाइट तोडणारा स्विच, नसेल तर तिथून वायर ओढूच नका. असेल तर आधी टेस्टचं बटण दाबा. बटण दाबूनही लाइट गेली नाही तर आधी वायरमनला बोलवा, ग्राइंडरचं काम दोन दिवस थांबलं तर थांबू दे.