जुन्या ट्रॅक्टरचं साल काढताय? या चुका टाळा

महिन्यातून दोन-तीनदा तरी फोनवर असा फोटो येतो. समोरून काढलेलं बॉनेट, त्यावर चकाचक लाल रंग आणि खाली प्रश्न, "काका, किती सालचा असंल?"

फेटा बघून माणसाचं वय सांगता येत असतं, तर बॉनेट बघून ट्रॅक्टरचंही सांगितलं असतं. बॉनेट, जाळी, मडगार्ड हे सगळं बदलत राहतं. आपल्याकडं तर जरा जास्तच. कोल्हापूरच्या उद्यमनगरात मोडका पार्ट टाकला की चार दिवसांत तसाच दुसरा ओतून, टर्निंग मारून हातात मिळतो.

दुसरी चूक शहाण्या लोकांची, म्हणजे इंजिनवरून साल ठरवायचं. शिरोळकडच्या एका पाहुण्यांचा मॅसी ३५, म्हणजे मॅसी फर्ग्युसन कंपनीचा ट्रॅक्टर, बघायला गेलो होतो. मालक पैजेवर आलेले, "तीन सिलिंडर पर्किन्स आहे, बासष्टचाच!" हिशेब अगदीच चुकीचा नव्हता. इंग्लंडात या ३५ ला आधी स्टँडर्ड कंपनीचं चार सिलिंडरचं डिझेल इंजिन यायचं. थंडीत ते सुरू करता करता माणूस घामाघूम व्हायचा. १९५९ च्या अखेरीस त्याच्या जागी पर्किन्स कंपनीचं तीन सिलिंडर इंजिन आलं. म्हणजे तीन सिलिंडर दिसला की साठच्या आसपासचा किंवा नंतरचा, असं कुणालाही वाटणार.

मी खाली बसून बघितलं. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधे बोटभर जाडीची एक प्लेट होती. तिच्यावर लेथच्या रेघा स्पष्ट होत्या, ओतकामाचा नंबर मात्र कुठंच नव्हता. हे कंपनीचं काम नाही, कुणा फिटरचं. मग बॅटरीचा ट्रे काढला आणि खालचा रंग खिळ्यानं खरवडला. लाल, त्याखाली प्रायमर, त्याखाली करडा. गिअरबॉक्सवरचा तेल-मातीचा थर रॉकेलनं काढला तर आत सोनेरी तांबूस रंग. करडा पत्रा आणि सोनेरी ओतीव भाग म्हणजे १९५६-५७ चा फर्ग्युसन ३५. लाल मॅसी त्याच्यानंतर आला. डॅशजवळच्या पाटीवरचा नंबरही तेच बोलत होता. कुणीतरी कंटाळून मूळ इंजिन काढलं होतं आणि पर्किन्स बसवलं होतं. ट्रॅक्टरचं वय पाच वर्षांनी वाढलं आणि मालकानं किंमत त्याच संध्याकाळी वाढवली.

म्हणून माझी सवय सांगतो. आधी मागून बघायचं, गिअरबॉक्स आणि डिफरन्शिअलचं घर. ते सहसा कुणी बदलत नाही.

नंबर प्लेटवर कोल्हापूरचा 'एमएच ०९' बघून "१९८९ नंतरचा" म्हणणारेही भेटतात. ती मालिकाच तेव्हा सुरू झाली. जुना ट्रॅक्टर उशिरा पासिंग झाला किंवा नव्यानं नोंदला गेला, तर त्यालाही तोच नंबर. आरसी बुकातलं पासिंगचं साल आणि कारखान्यातून बाहेर पडल्याचं साल यांत बाहेरून आलेल्या मशीनला सहज फरक पडतो.

टायरवरून काढू नका. कशाला, ते सांगायलाच नको.

डायनॅमो आणि सेल्फ ल्युकास या इंग्लिश कंपनीचे असतील तर बॉडीवर बारीक ठोकलेलं साल सापडतं. पण एकाच पार्टवर बोलायचं नाही, मी चार जुळल्याशिवाय तोंड उघडत नाही. डिझेल पंपावर 'मायको' हे कंपनीचं जुनं नाव दिसलं म्हणून हुरळू नका, ते २००८ पर्यंत चालू होतं.

म्हाताऱ्या माणसांना मात्र जरूर विचारा. "किती साली घेतला?" असं नको, "कोयनेचा भूकंप झाला तेव्हा दारात होता का?" असं विचारा. ११ डिसेंबर १९६७ ची ती पहाट आपल्याकडं कुणी विसरलेलं नाही. त्यातून घरी कधी आला तेवढंच कळतं, पण तेही कमी नाही.

आता ज्या चुकीनं माझं डोकं फिरतं ती. आधी रंग, मग चौकशी! ट्रॅक्टरला खरं तर चेसिसच नसते, इंजिन, गिअरबॉक्स, मागचं घर एकमेकांना बोल्टनं आवळलेलं असतं. तरी आरसीत त्याला 'चेसिस नंबर' म्हणतात आणि सगळा जीव त्या नंबरात असतो. गेल्या वर्षी एका हौशी पोरानं ट्रॅक्टर आणला आणि दुसऱ्याच दिवशी ग्राइंडरला वायर ब्रश लावून सगळं घासून काढलं. यूट्यूबवर बघितलं म्हणे. पाटी चिकटली होती म्हणून छिन्नीनं उपटली, रिव्हेट गेले, पाटीवरचे आकडेही घासले गेले.

नंबर वाचायचं खरं काम पाच मिनिटांचं. रॉकेल, जुना दात घासायचा ब्रश, वर खडू चोळायचा आणि बॅटरीचा उजेड आडवा मारायचा. मग आरटीओसाठी एजंट घेतात तसा पेन्सिल-सेलोटेपनं प्रिंट घ्यायचा. पाटीला रिव्हेटऐवजी स्क्रू असतील तर पाटीवरही संशय घ्यायचा.

त्या पोराचा ट्रॅक्टर आता झकास दिसतो. नंबरातले शेवटचे तीन आकडे अजून लागलेले नाहीत, आणि त्याच्याकडं आरसी बुकही नाही.